खिडकीतले काका

परवा मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. एका हातात ट्रे, ट्रेमध्ये पास्ता, खांद्यावर लॅपटॉप आणि कान-खांद्याच्या मध्ये मोबाइल. मामी एरवी दुपारी फोन करत नाही. दुपार म्हणजे तिची फुलांच्या हिशेबाची वेळ.

''कामात हायस का, माय?''

''नाही गं मामी, बोल.''

''पोरगी कालिज सोडायली म्हणती. मामाचं ऐकंना. तू जरा समजाव.''

पास्ता गार झाला. तसाही तो बरा नव्हताच.

पोरगी म्हणजे माझी मामेबहीण. कॉलेजात गेली तरी घरात तिचं नाव अजून छकुलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या आईच्या माहेरी विज्ञान शाखेत गेलेली पहिली मुलगी. बारावीचा निकाल लागला तेव्हा मामानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि आता ती म्हणत होती, बास.

मी शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. सोमवारची सुट्टी टाकली. बॉसला सांगितलं, 'फॅमिली इमर्जन्सी'. त्यानं विचारलं, ''कुणी आजारी आहे का?'' काय सांगणार? म्हटलं, ''हो, तसंच काहीसं.''

मुदखेड तुम्ही कदाचित रात्रीच्या गाडीत झोपेत पार केलं असेल. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर नांदेडच्या पुढे साधारण २५ किलोमीटर. इथून आदिलाबादकडे जाणारी लाइन फुटते, म्हणून नावापुढे जंक्शन. सीआरपीएफचं ट्रेनिंग सेंटर आहे. आणि फुलं आहेत. झेंडू, शेवंती, गलांडा, गुलाब, मोगरा. नांदेडच्या मार्केटमध्ये पहाटे जी फुलांची पोती उतरतात, त्यातली बरीच आमच्या तालुक्यातली. माझ्या मामाचं एक एकर रान आहे, त्यात अर्धं फुलांचं.

फुलं दिसायला रोमँटिक. पण ती पहाटेच तोडावी लागतात. ऊन चढलं की माल मऊ पडतो आणि भाव उतरतो. तर छकुलीचा टाइमटेबल असा : चारला उठायचं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये सहापर्यंत फुलं तोडायची, आंघोळ, डबा, मग मिळेल ती गाडी किंवा एसटी, नांदेड, प्रॅक्टिकल, लेक्चर्स, परत. संध्याकाळी हार ओवायचे. अभ्यास? ''गाडीत करते की,'' ती म्हणते. बसायला मिळालं तर.

आणि तुम्ही-आम्ही जिमला सकाळी सहाला जातो तर स्टेटस टाकतो. असो.

शनिवारी दुपारी मी तिला गाठलं. ओसरीवर बसून ती गलांड्याचे हार ओवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ''ताई, तू उगं टेन्शन घ्यायलीस. मी काय एकटीच सोडायले का? आमच्या वर्गातल्या पाच जणींनी सोडलं.''

मी कारण विचारलं. मला वाटलं होतं, लग्नाचं काहीतरी निघालं असणार. किंवा एखादा मुलगा. किंवा झेपत नसेल. (बघा, पुण्यात राहून आपली डोकी कशी चालतात!) यातलं काहीच नव्हतं. कारण इतकं किरकोळ होतं की मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली.

गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती आलीच नव्हती. त्या भरवशावर मामानं एकाकडून उसने पैसे घेऊन फी भरली होती. यंदा पावसानं गलांडा काळा पडला. पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिलेला. ऐन दसऱ्याच्या तोंडावर, म्हणजे फुलांचा सगळ्यात मोठा सीझन चालू असताना, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली आणि गेली. आता लेट फी. ती मंगळवारपर्यंत भरता येणार होती. आणि लेट फीसाठी पुन्हा बापाकडे हात पसरायला तिला नको वाटत होतं.

''किती आहे लेट फी?'' मी विचारलं.

तिनं आकडा सांगितला. गेल्याच आठवड्यात आम्ही चौघींनी बाणेरला जो पिझ्झा खाल्ला, त्याचं बिल त्याहून जास्त होतं.

आता थोडं माझ्याबद्दल. 'यंग प्रोफेशनल' म्हणवून घ्यायची माझी शेवटची काही वर्षं उरलीत. मी नांदेडलाच शिकले. मग पुणे, मग आयटी, मग ईएमआय. ऑफिसात कुणी विचारलं की मी मोठ्या अभिमानानं सांगते : छोट्या गावातून आले, स्वतःच्या मेहनतीवर इथपर्यंत पोचले. लिंक्डइनवरही साधारण असंच लिहिलंय. इंग्रजीत ते आणखी भारी वाटतं.

पण छकुलीचं ऐकताना मला एकदम आमच्या कॉलेजची खिडकी आठवली. साल २०११. मीसुद्धा सेकंड इयरलाच होते. वडील आजारी, घरात ओढाताण, आणि परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. मी धावत पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी बंद. मी काचेवर टकटक केलं. आत एक वयस्कर क्लार्क काका डबा पिशवीत भरत होते. त्यांनी वर बघितलं. मी रडत होते बहुतेक. काकांनी पिशवी खाली ठेवली, खिडकी उघडली, फॉर्म घेतला, चुकलेला कॉलम स्वतःच्या पेनानं दुरुस्त केला. पैसे कमी पडत होते. ''उद्या आणून दे,'' म्हणाले, आणि स्वतःच्या खिशातून भरले. मला वाटतं, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

ती खिडकी उघडली नसती तर? एक वर्ष गेलं असतं. आमच्याकडे मुलीचं एक वर्ष गेलं की पुढचं वर्ष बहुतेक येतच नाही, स्थळ येतं. म्हणजे माझ्या 'स्वतःच्या मेहनती'त त्या काकांची दहा मिनिटं होती. ती मी लिंक्डइनवर कधी लिहिली नाहीत.

आमच्या भागात शिक्षणाचं गणित मुळातच उशिरा सुरू झालं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर मराठवाड्यात उच्च शिक्षण म्हणजे औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज. पदवी हवी तर हैदराबाद गाठा, आणि तिथलं १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ शिकवायचं उर्दूत. माझे आजोबा हुशार होते म्हणतात, पण कॉलेज त्यांच्यासाठी चंद्रावर होतं. मग १९५० मध्ये दोन गोष्टी झाल्या. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. आणि औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तिथे नुसते वर्ग नव्हते, मुलांच्या राहण्याचीही सोय केली होती. खेड्यातल्या गरीब मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, तो कुठे झोपणार आणि काय खाणार हेही बघावं लागतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये 'कमवा आणि शिका'वर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, त्यामागेही हाच विचार. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. कॉलेज चंद्रावरून आमच्या एसटीच्या टप्प्यात आलं.

दार जवळ आलं, हे खरंच. पण आत गेलेली पोरं पदवी घेऊन बाहेर येतात का, हा प्रश्न वेगळा. लातूर पॅटर्न तुम्ही ऐकला असेल. त्याच्या जोरावर आमच्या भागातल्या कित्येक पोरांनी मेडिकल-इंजिनीअरिंगला धडक मारली, आणि त्याबद्दल आम्हाला कॉलर ताठ करायचा पूर्ण हक्क आहे. पण तो टॉपरचा रस्ता. छकुली टॉपर नाही. ती पंचावन्न-साठ टक्केवाली आहे. जगात सगळीकडे तीच जास्त असतात. ऑफिसात आजूबाजूला बघा, पटेल.

आणि सरकार काहीच करत नाही असंही नाही हं. राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी फी सवलत १९५९ च्या सुमारास आली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते तेव्हा. आपल्यातल्या किती जणांचे आई-बाबा 'ई.बी.सी.'वर शिकले, घरी विचारून बघा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. मामानं ती बातमी वाचून मला फोन केला होता. त्याला वाटलं, छकुलीचं काम झालं. मला त्याला सांगावं लागलं की ते इंजिनीअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सना आहे, साध्या बी.एस्सी.ला नाही. फोनवर बराच वेळ तो काही बोलला नाही.

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवीन शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, क्रेडिट. आणि एक चांगला फंडा : एका वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. क्रेडिट बँकेत जमा राहतात, नंतर परत येऊन पुढचं पूर्ण करता येतं. कल्पना सही आहे. पण छकुलीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, ''म्हणजे मी हे वर्ष काढलं की सोडायला आता कागदपण मिळेल?'' मला उत्तर सुचलं नाही. बाहेर जायचा दरवाजा सगळ्यांसाठी सारखाच आहे, पण त्यातून आधी कोण बाहेर पडणार हे ठरलेलं आहे. आणि परत बोलवायला फोन कोण करणार?

इथे मला आमचा अमेरिकन क्लायंट आठवला. मोठा माणूस, टीम्सवर मागे पुस्तकांचं कपाट. एकदा गप्पांत म्हणाला, मी कम्युनिटी कॉलेजात शिकलोय. म्हणजे काय, ते मी नंतर वाचलं. तिकडे १९०१ पासून ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं आहेत. फी कमी, प्रवेश बहुतेक सगळ्यांना, घरी राहून नोकरी करत शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. (आपल्याकडे यूजीसीनं २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली, पण ती आहे त्या कॉलेजांत कौशल्याचे छोटे कोर्स चालवायची. नाव तेच, मामला वेगळा. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजचं काम आपल्याकडे खरं तर छकुलीचं कॉलेज करतं.)

तर त्या कॉलेजांतही हाच लोचा : येतात खूप, पदवी घेऊन थोडेच जातात. म्हणून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात काय दिलं? फीमध्ये जी तूट राहील ती माफ. पुस्तकांना मदत. मेट्रोचा पास. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक ठरलेला सल्लागार, ज्याला भेटायलाच पाहिजे. त्या सल्लागाराकडे मुलंही मोजकीच, म्हणजे त्याला नावं लक्षात राहतील इतकी. एमडीआरसी नावाच्या संस्थेनं चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून तपासलं. तीन वर्षांत पदवी मिळवणारे एका गटात २२ टक्के आणि या कार्यक्रमातले ४० टक्के. जवळजवळ दुप्पट! खर्च दर विद्यार्थ्यामागे वाढला, पण दर पदवीमागे कमी झाला. मग ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तेच करून पाहिलं, तिथेही आकडे तसेच वाढले.

वाचताना मला हसू आलं. बसचा पास आणि नाव माहीत असलेला एक माणूस. अमेरिकेनं एवढं संशोधन करून काय शोधलं? आमचे खिडकीतले काका!

फरक इतकाच की त्यांनी काकांना पगार दिला, काम ठरवून दिलं, आणि काका नशिबावर सोडले नाहीत.

आपल्याकडे उलटं झालं. २०१७-१८ पासून शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर गेल्या. पैसे थेट खात्यात, मधला दलाल गायब. हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण दलालाबरोबर काकाही गेले. कित्येक कॉलेजांत शिक्षकेतर पदं रिकामी आहेत, आहेत त्यांच्यावर दहा कामं. आणि पोर्टलला खिडकी नसते. काचेवर टकटक करायला काचच नाही.

सोमवारी मी छकुलीला घेऊन नांदेडला गेले. निघण्याआधी घरीच लॅपटॉप उघडून बसलो. पोर्टलवर लॉगइन केलं. ओटीपी मामाच्या फोनवर, मामा रानात, फोन खिशात. मामी बांधावरून ओरडली, मामानं तिकडून आकडे ओरडून सांगितले, तोवर वेळ संपली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा पान उघडलं आणि समोर लिहिलेलं : रक्कम जमा.

जमा? कुठे?

आधारला कोणतं खातं जोडलंय ते ऑनलाइन बघता येतं. बघितलं. आठवीत असताना शाळेनं सगळ्या मुलींची झीरो बॅलन्सची खाती उघडली होती, ते! पासबुक कुठल्यातरी ट्रंकेत. त्यात व्यवहार नसल्यानं खातं झोपलेलं. शिष्यवृत्तीचे पैसे कधीचे येऊन त्या झोपलेल्या खात्यात पडून होते. आणि इकडे मामा उसनवारीचा तगादा सोसत होता आणि पोरगी कॉलेज सोडायला निघाली होती.

छकुली स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''कामून कुणी सांगितलं नाही गं?''

कुणाचा दोष काढणार? बँकेनं नियमानं केलं. पोर्टलनं नियमानं केलं. कॉलेजनं नियमानं केलं. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि मुलगी घरी.

कॉलेजात फॉर्मच्या हॉलमध्ये रांग होती. खुर्चीवर कंत्राटी नोकरीतली एक तरुण मॅडम, माझ्यापेक्षा लहानच. कॉम्प्युटर अडकत होता, त्या शांतपणे एकेकीचं बघत होत्या. छकुलीचा फॉर्म गेला. लेट फी मी फोनवरून भरली. तिला म्हटलं, खातं जागं झालं की परत दे, व्याजासकट. ती पहिल्यांदा हसली.

निघणार तेवढ्यात मागच्या मुलीनं माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, ''ताई, माझंबी बघता का?'' बघितलं. मग तिची मैत्रीण. मग आणखी एक. एकीचं आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं. एकीचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता आणि तिला पत्ताच नव्हता. यांतली एकही मुलगी 'ढ' नव्हती. एकीचाही प्रश्न फिजिक्सचा नव्हता. मी सहा जणींचं बघितलं. माझी गाडी सातची होती. रांगेत अजून बऱ्याच होत्या.

मी बसमध्ये बसून ऑफिसात बनवते तसा एक ॲक्शन प्लॅन बनवला. सवय! शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षेच्या फॉर्मआधी. ते येईपर्यंत लेट फी नाही. मुलगी पंधरा दिवस आली नाही की कॉलेजातून घरी फोन. सकाळचं प्रॅक्टिकल गाडीची वेळ बघून. आणि ठरावीक मुलांमागे एक पगारी माणूस, ज्याचं काम एवढंच : नावं लक्षात ठेवायची आणि खिडकी उघडी ठेवायची. यात नवीन बिल्डिंग नाही, ॲप नाही. उद्घाटनाची फीतही कापता येणार नाही, कदाचित म्हणूनच होत नाही.

तुम्ही म्हणाल, दिवाळीला गावी गेल्यावर दोन तास बसून चार पोरींचे फॉर्म भरून देऊ की. जरूर द्या, मी तर म्हणेन द्याच. पण आपण दिवाळीला जातो आणि फॉर्म दसऱ्याला असतो.

छकुली आता परत कॉलेजला जाते. राहिलेला पेपर दिला. ''जाईल,'' म्हणते. आठवीतलं खातं जागं झालं, मामानं उसने फेडले, माझे पैसे आले, व्याज म्हणून मामीनं शेवंतीची पिशवी पाठवली. ती पुण्यात पोचेस्तोवर सुकली होती, तरी मी डेस्कवर ठेवली.

काल रात्री तिचा मेसेज आला. मला वाटलं, निकाल. उघडून बघितलं तर लिहिलं होतं : ''ताई, माझ्या मैत्रिणीचा ओटीपी तिच्या वडिलांच्या फोनवर जायलाय, अन् वडील ऊसतोडीला कारखान्यावर. तिथं रेंज नाही. फॉर्मची तारीख परवा हाय. काय करायचं?''